फेब्रुवारीत मोजलेला जिल्हा

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्याला असली कामे चुकत नाहीत, त्यामुळे तक्रारीला वाव नव्हता. संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावाच्या वाड्या माझ्याकडे होत्या. शाळा सुटली की बगलेत कागदांचे बाड धरून पाणंदीने वर चढायचे, गेरूने घातलेले घरांचे क्रमांक शोधायचे आणि ओटीवर बसून एकेका माणसाचे नाव, वय, शिक्षण, मातृभाषा, कामधंदा लिहून घ्यायचा, असा तो पंधरा-वीस दिवसांचा क्रम होता. तिसऱ्या हिश्शाहून अधिक दारांना कुलूप होते. जिथे दार उघडे होते तिथे बहुधा एखादी म्हातारी, नाहीतर म्हातारा-म्हातारी दोघे, आणि आंगणात वाळत घातलेली सुपारी.

अशाच एका घरी आजीचे एकटीचे नाव लिहून मी कागद मिटला, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, पोरांची नावा नाय लिवलात? गनपतीला येतात ना सगली." तिचे तीन मुलगे, सुना आणि नातवंडे मुंबईकडे होती. त्या दिवसांत जो जिथे राहतो तिथेच त्याची नोंद होते, त्यांची नावे तिकडे लिहिली जातील, असे मी तिला समजावून सांगितले. तिला ते पटले नाही. घर इथे, देव इथे, सातबाऱ्यावरचे नाव इथले आणि माणसे तेवढी दुसरीकडची, हा हिशेब कोणत्याही शहाण्या माणसाला पटण्यासारखा नाहीच.

पुढे आकडे प्रसिद्ध झाले. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली, म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसे, जवळजवळ पाच टक्के, कमी झाली. देशाची आणि राज्याची लोकसंख्या वाढत असताना ज्या मोजक्या जिल्ह्यांची घटली त्यांत रत्नागिरी आणि शेजारचा सिंधुदुर्ग हे दोन्ही होते. वर्तमानपत्रांनी त्या वेळी आश्चर्य व्यक्त केले. मला आश्चर्य वाटले नाही, कारण ती कुलपे मी मोजून आलो होतो. शिवाय अशी घट पहिल्यांदा झाली होती असेही नाही. १८७२ च्या शिरगणतीत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १०,१९,१३६ भरली होती आणि १८८१ मध्ये ती ९,९७,०९० वर आली होती. १८८१ ची मोजणीही १७ फेब्रुवारीलाच झाली होती.

हा जिल्हा माणसे का धरून ठेवत नाही, याचे निम्मे उत्तर जमिनीत आहे. उत्तरेला सावित्रीची बाणकोट खाडी आणि दक्षिणेला वाघोटनची विजयदुर्ग खाडी, पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि पश्चिमेला समुद्र, अशा ८,२०८ चौरस किलोमीटरांच्या या पट्टीत मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके आहेत. नकाशावर ती किनारपट्टी दिसते, म्हणून बाहेरच्या माणसाला इथे सपाट वाळू आणि माड एवढेच असेल असे वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यालगतची आगरे संपली की चढण लागते आणि वर पोहोचले की सडा येतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, काळपट, मैलोन् मैल पसरलेले पठार. पावसाळ्याचे चार महिने त्यावर हिरवळ आणि रानफुले असतात, एरवी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. हाच जांभा खाणीतून चिऱ्यांच्या रूपाने निघतो आणि जिल्ह्यातली जवळपास सगळी घरे त्याचीच बांधलेली असतात. घराला उत्तम आणि शेतीला निरुपयोगी, असा हा दगड आहे.

भाताला योग्य अशी जमीन दोन डोंगरांच्या मधल्या मळ्यांत आणि नदीकाठी तेवढी सापडते. बाकीची वरकस, म्हणजे उतारावरची, जिच्यात एखाददुसरे वर्ष नाचणी-वरी घ्यायची आणि मग ती ओसाड टाकायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण सह्याद्रीचा कडा समुद्रापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरच असल्यामुळे ते पाणी चार दिवसांत खाडीला मिळते आणि जे जांभ्यात मुरते तेही झऱ्यांवाटे निघून जाते. जूनमध्ये ज्या वाडीचा पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडता येत नाही, त्याच वाडीत एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. गंमत अशी की कृष्णेच्या खोऱ्यातल्या कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरते, वीज देऊन वाशिष्ठीत जाते आणि तिथून दाभोळच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी चिपळूण शहरात शिरली, तेव्हा पाण्याचे दुसरे टोकही सगळ्यांनी पाहिले.

याच नद्यांनी जिल्ह्याला त्याचा इतिहास दिला आहे. इथली जुनी व्यापारी गावे समुद्रकाठी कमी आणि खाडीच्या आतल्या टोकाला अधिक आढळतात, कारण भरतीच्या पाण्याबरोबर गलबत जिथवर आत येई तिथे माल उतरे आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढे. चिपळूणचे गोवळकोट बंदर कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या व्यापाराचे होते, राजापूरचे अणुस्कुऱ्याच्या वाटेचे. दाभोळ बहामनी काळात इतके भरभराटीला आलेले होते की १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि ती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, गलबते मोठी होत गेली आणि या बंदरांचे महत्त्व ओसरले. फुणगूसला आज खाडीकाठी उभे राहिले तर इथे कधीकाळी बंदर होते, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

संगमेश्वर-कसब्याला १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. तिथले कर्णेश्वराचे देऊळ मात्र पाहायला फार थोडे जण थांबतात, म्हणून इथे त्याचा मुद्दाम उल्लेख करतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी जो दक्षिण कोकणचा जिल्हा केला त्याचे ठाणे आधी बाणकोटला होते आणि १८२२ मध्ये ते रत्नागिरीला आले. १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडचे तालुके वेगळे होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्यामुळे 'रत्नागिरी' या नावाखाली १९८१ च्या आधीचे कोणतेही आकडे पाहताना आपण आजच्यापेक्षा बराच मोठा मुलूख पाहत आहोत, हे ध्यानात ठेवावे लागते. वर दिलेल्या १८७२ आणि १८८१ च्या संख्याही त्याच मोठ्या जिल्ह्याच्या आहेत, फक्त त्यांत तेव्हाचे सावंतवाडी संस्थान नाही.

या सगळ्याच्या कितीतरी आधी सड्यांवर कोणीतरी राहत होते किंवा निदान येत-जात होते. उक्षी, जांभरुण, काशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या गावांच्या कातळांवर माणसे, हत्ती, मासे आणि अर्थ न लागणाऱ्या चौकटी कोरलेल्या आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. काशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की त्याच्यावर उभे राहिलेल्या माणसाला तो दिसत नाही. ज्या सड्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या नापीक म्हणत आलो, त्यावर कुणाला तरी एवढे काम करून ठेवावेसे वाटले, याचे मला अजून नवल वाटते.

आता उरलेले निम्मे उत्तर. जमीन थोडी आणि जी होती ती खोतीची, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोताच्या ताब्यातली. कसणाऱ्या कुणब्याच्या हाती पिकातला वाटा देऊन जे उरे, त्यात वर्ष निघत नसे. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर बाहेर पडण्याची सवय जुनी झाली होती. आधी पलटणीची वाट होती, कारण दापोलीला इंग्रजांची छावणी होती आणि महार, मराठा घरांतली मुले सैन्यात जात. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सैन्यातल्या नोकरीनंतर काही काळ दापोलीलाच राहिले होते. मग १८५० च्या दशकात मुंबईत कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या आणि वाट कायमची ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बाहेरून आलेल्या लोकांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा गट सर्वांत मोठा होता. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी अशा बंदरांवर आगबोट लांब उभी राही, पडावातून तिच्यापर्यंत जायचे आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचे. गिरणगावात गावाची म्हणून एक खोली असे, तिच्यात पाळीपाळीने झोपायचे आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर पाठवायची.

त्या खोल्यांत बायकांना जागा नव्हती. शेत, गुरे, सासूसासरे आणि मुले सांभाळत त्या गावी राहिल्या. म्हणूनच या जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक असते. २०११ मध्ये ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया होत्या, म्हणजे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. भाषणांत हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. मला तो ऐकताना नेहमी अवघडल्यासारखे होते, कारण त्यात मुलींच्या मानाचा भाग किती आणि गैरहजर पुरुषांचा किती, हे ज्याने वाड्या हिंडून पाहिल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. आता गिरण्या गेल्या, खोल्यांच्या जागी नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली इथली घरे आली आणि सुनाही तिकडे गेल्या. २००१ चे ११३६ हे प्रमाण २०११ मध्ये उतरले आणि एकूण लोकसंख्याही उतरली, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे माझे मत आहे. पूर्वी घरातला एक माणूस जाई, आता घर जाते.

खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यांची तऱ्हा थोडी निराळी आहे. खेड, चिपळूण, दापोली भागातली ही घरे जहाजांवरच्या नोकरीत मुरलेली. त्यांतले कित्येक दक्षिण आफ्रिकेत आणि नंतर आखाती देशांत गेले. त्यांच्या गावांत बंद घरेही दुमजली आणि रंगवलेली दिसतात. भंडारी आणि खारवी मात्र बरेचसे जागेवर राहिले, कारण त्यांचा धंदा माडात आणि दर्यात आहे. हर्णेच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो, तेव्हा हा जिल्हा ओस पडत चालला आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

रेल्वे आली की लोक परततील, असे माझ्या लहानपणी म्हणत. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा झाला, पानवलला चौसष्ट मीटर उंचीचा पूल झाला आणि त्यानंतरच्याच पहिल्या पूर्ण दशकात जिल्ह्याची लोकसंख्या घटली. दोष रेल्वेचा नाही. जाणे सोपे झाले तसे येणेही सोपे झाले, आणि चार दिवसांसाठी येणे इतके सोपे झाल्यावर कायमचे येण्याची निकड राहिली नाही.

माणसे बाहेरून इथे येतातही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले आणि तो इथेच १९१६ मध्ये वारला, ही गोष्ट शहरातला त्याचा राजवाडा दाखवताना प्रत्येक जण सांगतो. हापूसच्या बागांतून दिवाळीपासून मे अखेरपर्यंत झोपडी करून राहणारी नेपाळी कुटुंबे आणि मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर जाळी ओढणारे नेपाळी खलाशी यांच्याविषयी मात्र कुणी फारसे बोलत नाही. आमची मुले मुंबईला राखणदारी करतात आणि आमच्या कलमांची राखण करायला नेपाळातून माणूस येतो. मोजणीच्या त्या दिवसांत सड्यावरच्या एका बागेत अशा कुटुंबाची नोंद मी केली होती; मोहोर धरलेला असल्यामुळे त्यांना हलता येत नव्हते आणि म्हणून ते नेमके घरीच सापडले.

२०११ मध्ये मोजणी संपली २८ फेब्रुवारीला आणि होळीची पौर्णिमा होती १९ मार्चला. ग्रामदेवतेच्या पालख्या घरोघर फिरू लागल्या तेव्हा मी ज्यांपुढे 'बंद' असे लिहिले होते ती दारे उघडली. सप्टेंबरात गणपतीला आरतीसाठी त्याच आजीच्या घरी गेलो, तर ओटी, पडवी, माजघर सगळे भरले होते आणि चपलांतून वाट काढावी लागत होती. सवयीने मी माणसे मोजू लागलो ते तिने ओळखले. "आता लिवा," ती म्हणाली आणि प्रसादाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ या तारखेच्या हिशेबाने व्हायची आहे, म्हणजे पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा शिमग्याच्या आधी. मी आता निवृत्त आहे. या वेळी कागदाऐवजी मोबाइलवर नोंदी घ्यायच्या आहेत असे माझ्या शाळेतल्या शिक्षिका सांगत होत्या. त्यांना मी माझ्या वहीतला वाड्यांचा कच्चा नकाशा काढून दिला. कुलूपबंद घरांपुढे, किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे असते ते त्यात पेन्सिलीने लिहिलेले आहे. त्यांतले निम्मे शेजारी आता स्वतःच मुंबईला असतात, ते खोडायचे मात्र राहून गेले.