३१ स्क्वॉड्रन: बॉम्बपासून तांदळाच्या पोत्यापर्यंत

ब्रिटिश हवाई दलाच्या ३१ स्क्वॉड्रनचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे: ‘इन सेलम इंडिकम प्रायमस’, म्हणजे हिंदुस्थानच्या आकाशात सर्वांत आधी. हे शब्दशः खरं आहे. ११ ऑक्टोबर १९१५ ला इंग्लंडमधल्या फार्नबरोला ही तुकडी उभी राहिली आणि दोन-अडीच महिन्यांत तिची पहिली फ्लाइट (म्हणजे काही विमानांची उपतुकडी) बोटीने हिंदुस्थानात पोहोचली. १९१६ मध्ये तिचा तळ पेशावरजवळच्या रिसालपूरला होता. महायुद्धातल्या हवाई तुकड्या म्हटलं की फ्रान्सच्या आघाडीवरच्या झुंजी आणि कोणी किती विमानं पाडली याचे हिशेब समोर येतात. ३१ च्या इतिहासात ते जवळजवळ नाही. या स्क्वॉड्रनची तीस वर्षांची खरी झुंज उष्ण हवेशी, डोंगरांशी आणि वजनाशी होती. म्हणूनच ती मला जास्त मोलाची वाटते.

पहिलं विमान बी.ई.२सी. लाकडी सांगाडा, वर कापड, ९० अश्वशक्तीचं हवेने थंड होणारं आठ सिलिंडरचं इंजिन, वेग जेमतेम ताशी ७० मैल. स्थिर उडायचं, म्हणून टेहळणीला बरं. पण ही विमानं इंग्लंडच्या हवेसाठी बनली होती. १५ अंशांना हवेची जी घनता असते, ती ४० अंशांना साधारण ८ टक्क्यांनी घटते. पंखांची उचल कमी, इंजिनाची ताकद कमी, पंख्याचा (प्रोपेलरचा) रेटाही कमी. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. त्यात कोरड्या उन्हाने लाकूड आकसायचं, चिकट जोड सुटायचे, पंख्याचे थर उकलायचे. दोन माणसं आणि बॉम्ब घेऊन सरहद्दीवरचे डोंगर ओलांडणं या विमानाला नीट जमतच नव्हतं. मग वैमानिक दऱ्यांमधून उडायचे आणि तिथले पठाण टोळीवाले कड्यावरून खाली, विमानाच्या वरच्या बाजूला नेम धरून गोळ्या झाडायचे. जमिनीवरून वर येणाऱ्या गोळीचा विचार सगळे करतात. वरून येणाऱ्या गोळीचा विचार हे विमान बनवताना कोणी केला नसणार.

मे १९१९ मध्ये तिसरं अफगाण युद्ध पेटलं तेव्हाही स्क्वॉड्रनकडे हीच जुनाट विमानं होती. खैबरपलीकडे डक्का आणि जलालाबादवर त्यांनी बॉम्ब टाकले. त्याच वर्षी ब्रिस्टल फायटर आलं: रोल्स रॉइसचं फाल्कन इंजिन, बी.ई.च्या तुलनेत जवळपास तिप्पट ताकद. पण फाल्कन पाण्याने थंड होणारं, म्हणजे उन्हाळ्यात रेडिएटरची नवी डोकेदुखी.

याहून मोठी अडचण पैशाची होती. हिंदुस्थानातल्या हवाई दलाचा खर्च इथल्या लष्कराच्या अंदाजपत्रकातून चाले आणि लष्कर त्यात हात आखडता घेई. सुटे भागच येईनात. सिलिंडरला दोन ठिणग्या हव्यात तिथे एकीवर भागवायचं, टायर नसलेल्या चाकांवर उड्डाण करायचं, आस दोरीने बांधायचा. १९२२ मध्ये एअर व्हाइस मार्शल जॉन सॅमंड पाहणीला आले, तेव्हा देशातल्या सहा स्क्वॉड्रनच्या ७० विमानांपैकी उडण्याजोगी फक्त ७ निघाली. त्यांच्या अहवालानंतर परिस्थिती हळूहळू सुधारली.

या काळातलं काम म्हणजे टोळ्यांच्या गावांवर हवाई वचक ठेवणं. आधी पत्रकं टाकून इशारा, मग ठरल्या दिवशी बॉम्ब. खर्चात स्वस्त म्हणून सरकारला ही पद्धत फार आवडली, पण घरं, गुरं आणि उभी पिकं कोणाची जात होती हे विसरून या कामगिरीचे गोडवे गाता येत नाहीत. वैमानिकांनाही टोळ्यांच्या रागाची पुरती कल्पना होती. विमान पाडलं गेलं तर जीव वाचावा म्हणून ते खिशात स्थानिक भाषांतली चिठ्ठी बाळगत: या माणसाला धडधाकट परत आणाल तर बक्षीस मिळेल.

१९३१ मध्ये वापिटी हे नवं विमान आलं. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्ट्याच्या भूकंपात स्क्वॉड्रनच्या बराकी झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हँगरमधली विमानं चिरडली. शत्रूने कधी केलं नाही एवढं नुकसान काही सेकंदांत झालं.

एप्रिल १९३९ मध्ये स्क्वॉड्रनला व्हिकर्स व्हॅलेन्शिया मिळालं आणि तिचा धंदाच बदलला. दोन इंजिनांचं, दुहेरी पंखांचं हे अवाढव्य विमान २२ सैनिक नेई. याच घराण्यातल्या व्हिक्टोरिया विमानांनी १९२८-२९ च्या हिवाळ्यात काबूलमधून ५८६ लोक बाहेर काढले होते, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. १९४१ मध्ये अमेरिकन कंपन्यांकडून घेतलेली वापरलेली डीसी-२ प्रवासी विमानं आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इराकमध्ये उठाव झाला, तेव्हा किंग्ज ओन रॉयल रेजिमेंटचे सैनिक कराचीहून बसऱ्याजवळच्या शैबाला विमानाने गेले. ब्रिटिशांनी फौज अशी हवेतून युद्धभूमीजवळ नेण्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी हे एक.

मग १९४२ चा ब्रह्मदेश. जपान्यांपुढे माघार घेणारं ब्रिटिश सैन्य, पायी निघालेले लाखो लोक, आणि आत मावतील तेवढी माणसं कोंबून उडणारी मोजकी डीसी-२ व डीसी-३. मेच्या पहिल्या आठवड्यात मिचिनाच्या धावपट्टीवर जखमी आणि बायकामुलं विमानात चढत असतानाच जपानी विमानं आली. दोन विमानं जमिनीवरच गेली, आतली माणसंही.

यानंतरची तीन वर्षं मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण हवेतून रसद टाकण्याचं तंत्र याच काळात पक्कं झालं. फेब्रुवारी १९४३ मध्ये ब्रिटिश ब्रिगेडियर विंगेट सुमारे ३,००० माणसं घेऊन जपानव्याप्त ब्रह्मदेशात शिरले. मागे रस्ता नाही. जे काही मिळायचं ते मुख्यतः आगरतळ्याहून उडणाऱ्या ३१ च्या विमानांतून. प्रत्येक तुकडीबरोबर हवाई दलाचा एक अधिकारी आणि खेचरावर लादलेला वायरलेस संच असे. रात्री जागा दाखवायला एल आकारात शेकोट्या पेटवायच्या.

डकोटात (डीसी-३ चंच लष्करी रूप) साधारण अडीच टन माल भरत. मागचं डावं दार काढूनच टाकलेलं असे. तांदूळ, आटा, खेचरांचा दाणा हे पॅराशूटशिवाय टाकायचं. त्यासाठी पोत्यात पोतं, आणि आतलं अर्धवटच भरलेलं. शिगोशीग भरलेलं पोतं आपटलं की फुटतं. सैल पोत्यातला दाणा पसरायला जागा मिळते, आणि आतलं फाटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. उंची दीड-दोनशे फूट. त्याहून वर गेलात तर माल झाडीत जातो. दारूगोळा, वायरलेसच्या बॅटऱ्या, औषधं पॅराशूटने, आणि तेव्हा थोडं वर, कारण छत्री उघडायला वेळ लागतो.

आता हिशेब पाहा. ताशी १२० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ५४ मीटर. मोकळी जागा २५० मीटर असेल तर हातात पाच सेकंदही नाहीत. तेवढ्यात तीन-चार पोती बाहेर जातात, म्हणून त्याच जागेवर आठ-दहा घिरट्या, त्याही दरीत, आणि शत्रूला दरवेळी नेमका तोच मार्ग दिसतोय. वैमानिकाने इशारा दिला की आतली माणसं फरशीवर बसून, पाठ टेकून, दोन्ही पायांनी माल ढकलत. माल दाराशी रचला की विमानाचा भार मागे जातो, शेपूट खाली दबते आणि वैमानिकाला दांडा पुढे रेटून धरावा लागतो. पोतं दारात अडकलं तर ताबडतोब पॉवर वाढवून वर निघायचं. सगळ्यात वाईट म्हणजे वेळेआधी उघडलेलं पॅराशूट शेपटीत गुंतणं. खालीही धोका होताच: पॅराशूट नसलेलं पोतं विमानाच्याच वेगाने येतं, आणि घाईने पुढे धावलेले सैनिक त्याखाली मेले आहेत.

एप्रिल १९४३ च्या अखेरीस एका तुकडीने जंगलातल्या मोकळ्या जागेत पॅराशूटचं कापड पसरून लिहिलं की विमान इथे उतरवा. उत्तर गेलं: १२०० यार्डांची धावपट्टी आखा. जागा मिळाली सुमारे ८०० यार्डांची. फ्लाइंग ऑफिसर मायकेल व्लास्टो यांनी तिथे डकोटा उतरवलं आणि दीड डझनाच्या आसपास आजारी-जखमी घेऊन ते झाडांच्या शेंड्यांवरून बाहेर पडले. यानंतर जखमींना विमानाने परत आणणं हा योजनेचाच भाग होत गेला.

१९४४ मध्ये आराकान आणि मग वेढलेलं इंफाळ. पॅराशूट पुरेनात, तेव्हा चौदाव्या आर्मीचे सेनापती जनरल स्लिम यांच्या पुढाकाराने कोलकात्याच्या गिरण्यांत तागाची पॅराशूट बनली. रेशमी पॅराशूटला वीस पौंडांहून जास्त पडत, तागाच्याला एक पौंडाच्या थोडं वर. स्लिम यांच्या मते ती ८५ टक्के तरी विश्वासाची होती. माणसासाठी अर्थातच नाही, पण आट्याच्या पोत्याला तेवढं पुरे. बंगालच्या तागाचं हे ऋण ब्रह्मदेशच्या मोहिमेच्या वर्णनांत ठळक यायला हवं.

त्या वर्षी पावसाळ्यातही उड्डाणं थांबवली नाहीत. चिन टेकड्यांवरचे ढग डकोटाच्या आवाक्यापेक्षा कितीतरी उंच असत. आत शिरलेलं विमान क्षणात हजारो फूट वर-खाली फेकलं जाई, बांधलेला माल सुटे, आणि काही विमानं परतलीच नाहीत.

जपानच्या शरणागतीनंतर स्क्वॉड्रन जावात गेली, युद्धकैद्यांना आणि जपानी छावण्यांतल्या कुटुंबांना बाहेर काढायला. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिचं एक डकोटा बेकासीजवळ उतरावं लागलं. आतले भारतीय शिपाई आणि हवाई कर्मचारी उतरताना वाचले होते. स्थानिक जमावाने त्यांना ठार केलं, आणि सूड म्हणून ब्रिटिशांनी बेकासी गाव जाळलं. ३० सप्टेंबर १९४६ ला स्क्वॉड्रन जावातच विसर्जित झाली. १ नोव्हेंबरला कराचीजवळच्या मौरीपूरला ७७ स्क्वॉड्रनला ३१ हा आकडा देण्यात आला. तिथेही विमानं डकोटाच होती.