अभियंता दिनी, गुहागरच्या एका शाळेत

आज १५ सप्टेंबर. अभियंता दिनानिमित्त गुहागरजवळच्या एका शाळेत, ज्यांच्या जयंतीला हा दिवस पाळतात त्या अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांविषयी बोलायला गेलो होतो. बाहेर पाऊस कौलांवर धो धो कोसळत होता आणि आतली मुले अगदी स्तब्ध बसून ऐकत होती.

पुण्यात शिकून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या या माणसाने खडकवासल्याच्या धरणाला अशी दारे बसवली, की पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढले की ती आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आले. हे समजावताना मी शाळेच्या टाकीतला, पाणी भरले की नळ आपोआप बंद करणारा तरंगता गोळा मुलांना दाखवला. सातवीतल्या एका मुलीने तो हाताने दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि म्हणाली, "म्हणजे पाणीच पाण्याला सांगतं!" इतके नेमके मला कधी सुचले नव्हते.

पुढे १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. त्या काळात बँक उभी राहिली, १९१६ साली विद्यापीठ झाले. मला मात्र त्यांची एक गोष्ट फार मोठी वाटते: भद्रावतीच्या लोखंड कारखान्याच्या कामाचा मोबदला त्यांनी बंगळूरला तरुणांना हातचे कौशल्य शिकवणाऱ्या संस्थेसाठी दिला आणि त्या संस्थेला स्वतःचे नाव लावू दिले नाही.

निघताना ती मुलगी पुन्हा टाकीपाशीच उभी होती.