माझी 2015ची वही: 27 चित्रपट झाले

मागच्या नोंदीत 19वर थांबलो होतो. मध्ये दोन महिने काहीच पाहिलं नाही, आईचं आजारपण होतं. पण गेल्या पाच आठवड्यांत आठ चित्रपट झाले आणि त्यातल्या चारांनी वहीतली जुनी मतं पार उलटी केली, म्हणून ही नोंद जरा मोठी होणार आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी पद्धत पुन्हा सांगतो. 2015 साली आलेले मराठी चित्रपट एकेक करून पाहायचे. चित्रपट लावण्याआधी वहीच्या डाव्या पानावर त्या वेळची चर्चा आणि माझं त्या वेळचं मत आठवेल तसं लिहायचं. पाहून झाल्यावर तीन दिवस काही लिहायचं नाही. चौथ्या दिवशी उजवं पान. तीन दिवसांत जे डोक्यातून गेलं ते गेलं, जे राहिलं तेवढंच लिहायचं, आणि शेवटी शेरा द्यायचा: चित्रपट दुर्लक्षित राहिला, अवाजवी गाजला, की हक्काचा गाजला. सुरुवातीला मी त्याच रात्री लिहायचो, तेव्हा गाणी आणि शेवटची पंधरा मिनिटं सगळी जागा खाऊन टाकायची. तीन दिवसांच्या नियमाने ते थांबलं. कुणी असा उपक्रम करत असाल तर हा नियम नक्की लावून पाहा.

आणि 2015च का, तर त्या एका वर्षात सगळं एकत्र आलं होतं. मार्चमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ ‘कोर्ट’ला मिळालं. एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम देण्याची सक्ती जाहीर केली, त्यावरून भरपूर वाद झाला आणि शेवटी दुपारी 12 ते रात्री 9 ही वेळ ठरली. मे महिन्यात ‘टाइमपास 2’ची लाट आली. दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’. पडदा किती मिळाला, कधी मिळाला आणि चित्रपट कसा होता या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघायला याहून चांगलं वर्ष मला माहीत नाही.

आता या आठांतले महत्त्वाचे.

‘एक हजाराची नोट’. डावं पान जवळजवळ कोरं होतं. ‘गोव्याच्या इफ्फीत गाजला, मी पाहिला नाही’ एवढंच. इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, 2014 साली त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि शताब्दी पुरस्कार असे दोन्ही मिळाले होते. पुढे 2015च्या मे महिन्यात तो इथे लागला, म्हणजे ‘टाइमपास 2’ जोरात चालू असताना. आमच्या गावात तो आलाच नाही.

गोष्ट एवढीशी आहे. खेड्यातली एक एकटी म्हातारी. शेतकरी मुलाने आत्महत्या केलेली. निवडणुकीच्या सभेत एक पुढारी तिच्या हातात हजाराच्या काही नोटा ठेवतो. शेजारच्या सुदामाला घेऊन ती बाजाराला जाते आणि तिथून सगळं बिघडत जातं, कारण इतकी मोठी नोट अशा हातात असणं हाच संशयाला पुरेसा पुरावा ठरतो. उषा नाईक यांचं काम बघा. आयुष्यात पहिल्यांदा मोठी नोट हातात आलेली बाई ती कशी धरेल, कशी झाकेल, हे त्यांच्या बोटांतून कळतं. संदीप पाठकचा सुदामा तिच्यापेक्षा जास्त हरखलेला आणि जास्त घाबरलेला. श्रीहरी साठे यांनी रडवायचे सगळे मोके सोडून दिले आहेत, आणि म्हणूनच चौथ्या दिवशीही म्हातारी डोक्यातून गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट आज बघतानाच लक्षात येते. 8 नोव्हेंबर 2016ला हजाराची नोटच चलनातून गेली. म्हणजे प्रदर्शनानंतर साधारण दीड वर्षात या चित्रपटाचं शीर्षक इतिहासजमा झालं. ज्यांच्याकडे रांगेत उभं राहण्याएवढीही ताकद नव्हती त्यांचं त्या दिवसांत काय झालं असेल, याचा विचार ही म्हातारी पाहिल्यावर टाळता येत नाही. उजव्या पानावर मी लिहिलंय: या वर्षातला सगळ्यात दुर्लक्षित. अजून दहाएक चित्रपट बाकी आहेत, तरी हे मत बदलेल असं वाटत नाही.

‘टाइमपास 2’बद्दल थोडक्यात. पहिला भाग जानेवारी 2014चा, तो मला तेव्हाही आवडला होता आणि आजही आवडतो, कारण त्यातलं वय खरं होतं. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर त्या वयाचेच होते. दुसऱ्या भागात नायक-नायिका दगडू आणि प्राजू मोठे झाले, प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट आले. दोघंही चांगले नट आहेत. पण पहिल्या भागाचं सगळं बळ त्या कोवळेपणात होतं, तो गेल्यावर गोष्टीपाशी फक्त आठवण काढणं उरतं. वैभव मांगलेंचा शाकाल, म्हणजे प्राजूचा बाप, आला की पडदा जागा होतो. बाकी चौथ्या दिवशी वहीत लिहायला तीन ओळी मिळाल्या. पहिल्या शुक्रवारी तिकिटासाठी मी स्वतः दीड तास उभा होतो, आणि ती गर्दी पहिल्या भागासाठी होती हे आता स्पष्ट दिसतं.

‘कोर्ट’वर जास्त लिहायचंय. चैतन्य ताम्हाणेचा पहिला चित्रपट. व्हेनिस चित्रपट महोत्सवात 2014 साली ओरिझोंती या, नव्या वाटांच्या चित्रपटांच्या, विभागात सर्वोत्कृष्ट ठरला, पदार्पणासाठीचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ मिळाला, इथे सुवर्णकमळ, पुढे ऑस्करसाठी भारताची निवड. मी त्याला दुर्लक्षित म्हणतो, तर एवढे पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाला दुर्लक्षित कसं म्हणायचं, असं मित्र विचारतात. उलट दोघांनी मला सांगितलं की त्यांना तो उगाच डोक्यावर घेतलेला चित्रपट वाटतो. ‘काहीच घडत नाही’ हे त्यांचं म्हणणं. 2015मध्ये आम्ही बुधवारी दुपारच्या खेळाला सात जण होतो आणि मध्यंतरानंतर पाच उरलो. माझ्याही डाव्या पानावर ‘आदर वाटला, पण कंटाळा आला’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे.

या वेळी कंटाळा आला नाही. काय बदललं ते तीन दिवस शोधत होतो. पहिल्यांदा मी खटल्याचा निकाल काय लागतो याची वाट बघत होतो. शाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. असा आरोप ऐकला की आपण वकिलांच्या जुगलबंदीची तयारी करतो. चित्रपट मात्र कॅमेरा लांब ठेवून थांबून राहतो, तारीख पडते, पुढचं प्रकरण पुकारलं जातं. या वेळी निकालाची वाट सोडून माणसं बघितली. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कोर्टात जुने कायदे एका सुरात वाचून काढते, मग लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, कुटुंबासोबत नाटकाला जाते. ती दुष्ट नाही. ती आपल्यापैकी कुणाचीही मावशी असू शकते, आणि एका माणसाचं आयुष्य अडकवून ठेवणं हा तिच्या दिवसातला एक भाग आहे, भाजीसारखा. हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण ऐकायला नकार देतात, तो प्रसंग तर मी पूर्ण विसरलो होतो. आणि दिवसाचं काम संपल्यावर कोर्टातले दिवे मालवले जातात, तेव्हा रिकामी खोली अंधारात दिसत राहते. तिथे चित्रपट संपला असं वाटतं. पण न्यायाधीश सुट्टीवर जातात, आणि चित्रपट त्यांच्या मागे तिथेही जातो. वीरा साथीदार आता नाहीत, 2021मध्ये करोनाने गेले. त्यांचा कांबळे पुन्हा पाहताना गळा दाटून आला.

तर माझं उत्तर असं: पुरस्कारांचं खातं वेगळं आणि प्रेक्षकांचं वेगळं. ‘कोर्ट’ पहिल्या खात्यात भरलेला आहे, दुसऱ्यात अजून रिकामा आहे. तो दुर्लक्षितच आहे, आणि तो ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत.

‘कट्यार काळजात घुसली’ला मी आधीच्या यादीत ‘अवाजवी गाजलेला’ असं टाकून ठेवलं होतं, न पाहता, आठवणीवर. ती चूक होती, अर्धी तरी. 12 नोव्हेंबर 2015ला तो लागला, त्याच दिवशी ‘मुंबई-पुणे-मुंबई 2’ आणि त्याच दिवशी हिंदीतला ‘प्रेम रतन धन पायो’. अशा दिवशी रागदारीवरचा मराठी चित्रपट टिकतो आणि लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जातात, हे फक्त जाहिरातीने होत नाही. 1967च्या नाटकाचं ऋण मोठं आहे. दारव्हेकरांचे शब्द, अभिषेकीबुवांच्या चाली, वसंतराव देशपांडे यांनी रंगवलेले गायक खाँसाहेब. चित्रपटात वसंतरावांच्याच नातवाने, राहुल देशपांडेने, खाँसाहेबांना आवाज दिला. महेश काळेला ‘अरुणि किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी जुन्यांच्या शेजारी उभी राहतात, हे मला सर्वांत अवघड वाटतं आणि ते त्यांनी साधलंय.

अर्धी चूक म्हणतो ती याच्यासाठी: खाँसाहेबांचा मत्सर हा या गोष्टीचा जीव आहे, आणि तो गाण्यातून उघड व्हायला हवा. जिथे सचिन पिळगांवकर गाताना दिसतात तिथे तो होतो. जिथे कारस्थानं, सूड आणि मोठाले संवाद येतात तिथे खाँसाहेब लहान होतात. दोन घराण्यांतला झगडा दोन माणसांतल्या भांडणावर येतो. उजव्या पानावर शेवटी असं लिहिलं: गाण्यांसाठी जेवढा गाजला तेवढा हक्काचा, पटकथेसाठी नाही.

‘मुंबई-पुणे-मुंबई 2’ गोड आहे. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी एकत्र असले की बोलण्याला लय येते. पण पहिल्या भागात फक्त ती दोघं आणि एक दिवस होता, इथे सगळं वऱ्हाड आलं आणि शांतता गेली.

‘हायवे’ कुठल्या खान्यात घालायचा यावर मी अजून अडलोय. ऑगस्टमध्ये येण्याआधी त्याची चर्चा प्रचंड होती. उमेश आणि गिरीश कुलकर्णी, अमित त्रिवेदीचं संगीत, हुमा कुरेशी, टिस्का चोप्रा, रेणुका शहाणे, मुक्ता बर्वे, आणि गोष्ट मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरची. त्यात जुलैमध्येच आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून रस्ता बंद पडला होता, त्यामुळे गाड्यांत अडकून बसण्याची धास्ती सगळ्यांच्या अंगात ताजी होती. लोक विनोदी प्रवासपट समजून गेले आणि गोंधळून बाहेर आले. मीही. आज बघताना त्या वेगवेगळ्या गाड्यांतली बडबड मला आवडली. माणसं फोनवर एक आणि शेजारच्याशी दुसरंच बोलतात, हे सुंदर टिपलंय. अडचण एवढीच की काही गाड्यांत बसायला वेळच मिळत नाही. आधी जास्त चढवलेला आणि नंतर जास्तच उतरवलेला, असे दोन्ही शेरे एकाच चित्रपटाला द्यावे लागले.

शेवटी ‘ख्वाडा’. 22 ऑक्टोबरला, दसऱ्याला लागला. भाऊराव कऱ्हाडेने जमीन विकून केलेला चित्रपट, हे तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं, आणि मला वाटतं त्या बातमीने चित्रपटाचं नुकसानच केलं. लोक दिग्दर्शकाच्या जिद्दीबद्दल बोलले, धनगराच्या बिऱ्हाडाबद्दल नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांच्या विशेष पुरस्काराबरोबर चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणासाठीही पुरस्कार होता. या वेळी मी हेडफोन लावून पाहिला, आणि हा सल्ला सगळ्यांना देतो. मेंढरांचं ओरडणं जवळ येतं, लांब जातं, माळावरचा वारा मध्येच सगळं झाकतो. लहानपणी आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे, तेव्हा रात्रभर ऐकू यायचं ते हेच. शशांक शेंडेंचा म्हातारा बाप आणि भाऊसाहेब शिंदेचा लग्नाला आसुसलेला मुलगा, दोघांमध्ये फारसं बोलणं नाही, पण मेंढरं हाकताना दोघांच्या चालीतला फरक बघा. गावगुंडांचा भाग मला थोडा ओळखीचा वाटला, तो सोडला तर कुठे काही जास्त नाही.

आधीच्या 19मधले ‘डबल सीट’ आणि ‘देऊळ बंद’ पुन्हा पाहिले, मत बदललं नाही. पहिला आवडता आहे, चाळीतल्या नव्या जोडप्याची अडचण त्याने मायेने मांडली आहे. या आठांतला आठवा ‘किल्ला’, त्यावर वेगळं लिहीन. तो पावसाळ्यात पुन्हा पाहायचा आहे, कोकणातल्या त्या पावसाला उन्हाळ्यात न्याय देता येत नाही.

बाकी यादीत ‘बायोस्कोप’ आणि ‘परतु’ आहेत. दोन्हींच्या चांगल्या प्रती मिळत नाहीत, कुणाकडे असतील तर कळवा. ‘बायोस्कोप’मधली ‘मित्रा’ एवढी सुटी मिळाली आहे, पण चारही गोष्टी एकत्र बघायच्या आहेत. येत्या रविवारी ‘राजवाडे अँड सन्स’. त्याचं डावं पान काल लिहून ठेवलंय: ‘घरातल्या म्हाताऱ्याची बाजू तेव्हा कळली नाही.’