तालमीतला म्हातारा पैलवान आणि बोगमाळोचं फायरफ्लाय

परवा चोर्ला घाटातनं गोव्याला गेलतो. घरच्यांना बीच पायजे होता आणि मला बोगमाळोचं नेव्हीचं विमान म्युझियम, शेवटी एक तास माझा, बाकी दिवस तुमचा असा सौदा ठरला. जांबोटीत चहा झाला, कणकुंबीच्या पुढं धुकं, ते नेहमीचंच.

तिथं सी हॅरियर ह्या जेट विमानापुढं फोटोला ही गर्दी, आणि मी अडकलो फायरफ्लायपुढं. पोरगं म्हणतंय पप्पा, हे पंख्याचं जुनं विमान काय बघत बसलाय, चला की. आता ह्याला कसं सांगायचं! फेअरी कंपनीचं हे विमान 1941 च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडालं, रोल्स रॉइस ग्रिफन इंजिन, पंखांत 20 मिलिमीटरच्या चार तोफा, पुढं पायलट आणि मागं ऑब्झर्व्हर. 1944 च्या जुलैत नॉर्वेत टिरपिट्झ ह्या जर्मन युद्धनौकेवर हल्ला झाला तेव्हा ह्या जातीच्या विमानांचं काम काय, तर विमानं पाडणाऱ्या जर्मन तोफांवरच मारा करायचा.

आणि लढाई संपल्यावर? टीटी. रेल्वेतला नव्हे हो, टार्गेट टग. तोफा गेल्या, विंच म्हणजे तार सोडायचं-गुंडाळायचं यंत्र आलं, लांबलचक तारेला कापडी नळा बांधून हे आभाळात ओढत फिरायचं आणि खालनं जहाजावरची पोरं त्या कापडावर नेम धरणार. बेळगावच्या सांबरा विमानतळावर वारा बघायला जो कापडी मोजा फडफडत असतो ना, त्याच जातीचं काहीतरी समजा. म्हणजे ज्यानं तोफावाल्यांना झोडलं तेच आता तोफावाल्यांना नेम शिकवतंय.

आपल्या नेव्हीनं 1955 ला असलीच फायरफ्लाय घेतली, कोचीच्या गरुडा तळासाठी. विक्रांत यायला अजून सहा वर्षं होती बघा, विमानवाहू जहाजाचा पत्ता नाही पण कापड ओढणारी विमानं हजर! पण बरोबरच आहे, सरळ रेषेत संथ जाणाऱ्या कापडावर तरी नेम बसल्याशिवाय खऱ्या विमानावर कुठनं बसणार?

मला आमच्या गावच्या तालमीतला म्हातारा पैलवान आठवला. एकेकाळी जत्रेत भल्याभल्यांना चीतपट केलेला गडी, पण नंतर रोज सकाळी शाळकरी पोरांकडून धोबीपछाड मारून घ्यायचा, पडला की उठून म्हणायचा, कंबर अजून खाली घाल, परत मार. आम्ही पोरं हसायचो त्याला.

हे सगळं सांगून झाल्यावर पोरगं जरा गप्प झालं, मग म्हणालं, पप्पा, आणि चुकून कापडाच्या ऐवजी विमानालाच लागलं तर?

म्हटलं, म्हणून तर तार एवढी लांब सोडायची की.

मग पोरगंच विमानाच्या शेपटीपासनं पावलं मोजत निघालं, तार कुठवर गेली असेल बघायला. तासाचा दीड तास झाला आणि बाहेरनं बायकोचा तिसरा फोन.