गरोदरपणी कोरोनाची लस : घ्यावी की नाही, हे ठरवताना

मला दिवस गेल्याचं कळलं ते एप्रिल २०२१ मध्ये. त्यानंतर लगेचच १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला लस सुरू झाली, पण गरोदर बायकांना ती द्यायची नाही असा तेव्हा नियम होता. लसीच्या चाचण्यांत गरोदर बायकांना घेतलंच नव्हतं. त्यामुळे आमच्याबद्दल माहिती नाही, आणि माहिती नाही म्हणून परवानगी नाही. खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. २०१९ मध्ये तिसऱ्या महिन्यात माझा गर्भपात झाला होता. या खेपेला मी जिना चढतानासुद्धा कठड्याला धरून चढत होते. एक निर्णय आपल्या हातात नाही, याचं मला बरंच वाटत होतं.

मग मे महिन्यात माझी डी.एड.ची एक मैत्रीण गेली. सातवा महिना होता. तिच्या नवऱ्याने ऑक्सिजनचा बेड शोधत तीन गावं पालथी घातली. बाळही वाचलं नाही. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिणं मला जमत नाही.

२ जुलैला बातमी आली की केंद्र सरकारने गरोदर महिलांना लस घ्यायला परवानगी दिली. सक्ती नव्हती. फायदा-धोका समजावून सांगायचा आणि घ्यायची की नाही हे बाईने ठरवायचं. मला सतरावा आठवडा पूर्ण झाला होता. आम्ही कराडला राहतो. त्या दिवसांत राज्यात इतरत्र रुग्ण कमी होत होते, पण कोल्हापूर, सांगली आणि आमचा सातारा यांचे आकडे काही खाली येत नव्हते. माझे मिस्टर बँकेत काउंटरला बसतात, रोज शे-दीडशे माणसं समोर. मी घरात कितीही जपून राहिले तरी संध्याकाळी दार उघडावंच लागायचं.

घरात तीन मतं झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही लस येऊन वर्षसुद्धा झालं नाही. पोटुशी बाईवर कशाला करून बघायची?" त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनला आपल्याकडे मान्यता मिळाली ३ जानेवारीला, लसीकरण सुरू झालं १६ जानेवारीला. जुलैपर्यंत मोजून सहा महिने. लस घेतलेल्या बाईचं मूल एक वर्षाचं झालेलं जगात कुणी पाहिलेलं नव्हतं. पाटणहून आईचा रोज फोन यायचा, "घेऊन टाक बाई, त्या पोरीचं झालं ते आठव." आणि मिस्टर म्हणायचे, "तू म्हणशील तसं." ते प्रेमाने म्हणत होते, पण त्या तीन शब्दांनी मी अगदी एकटी पडायची.

मी वाचायला लागले. दोन गोष्टींपाशी फार दिवस अडकून राहिले.

पहिली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जूनमधली पाहणी. कोरोना झालेल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांपैकी पहिल्या लाटेत ०.७ टक्के दगावल्या होत्या, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. तो आकडा मी कितीदा वाचला असेन. नंतर शांत डोक्याने लक्षात आलं की हे रुग्णालयात नोंद झालेल्या बायकांचे आकडे आहेत. घरीच बऱ्या झालेल्या बहुतेक जणी यात नाहीत. म्हणजे माझा धोका शंभरात साडेपाच नव्हता. पण दोन लाटांमधला फरक खोटा नव्हता. हा आजार आता आमच्यासाठी पहिल्यासारखा राहिला नव्हता.

दुसरी, अमेरिकेतली एप्रिलमधली नोंद. लस घेतलेल्या ३५ हजारांहून जास्त गरोदर बायका, आणि त्यांच्यात वेगळं, घाबरण्यासारखं काही दिसलं नाही. वाचून हायसं वाटलं. मग पुढचे तपशील वाचले. त्या लसी फायझर आणि मॉडर्नाच्या, आपल्याकडे न मिळणाऱ्या. त्यांतल्या ज्या सुमारे चार हजार जणींचा पुढे पाठपुरावा केला, त्यांपैकी ८२७ जणींचीच गरोदरपणं तोवर पूर्ण झाली होती आणि त्यांतल्या बहुतेकींनी शेवटच्या तिमाहीत लस घेतली होती. माझ्यासारख्या पाचव्या महिन्यातल्या बाईला या कागदाने अर्धंच उत्तर दिलं.

आमच्या डॉक्टर मॅडमना मी वहीत प्रश्न लिहून नेले. बाहेर बायका ताटकळत होत्या तरी त्यांनी अर्धा तास दिला. लस जिवंत विषाणूची आहे का? नाही, म्हणाल्या. गोवर-रुबेलासारखी जिवंत लस आम्ही गरोदरपणी देत नाही. कोव्हॅक्सिनमध्ये विषाणू मारलेला असतो, आणि कोविशिल्डमधला वाहक विषाणू शरीरात वाढू शकत नाही. मग युरोपात कोविशिल्डसारख्याच लसीनंतर काहींना झालेल्या त्या रक्ताच्या गुठळ्या? त्या खऱ्या आहेत, म्हणाल्या. पण फार विरळ. सरकारी माहितीत एक ते पाच लाखांत एक, असं दिलेलं आहे. गरोदरपणात पायात होते ती गुठळी वेगळी, ही वेगळी. हिच्यात प्लेटलेट्स कमी होतात. लक्षणं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली : दम लागणं, छातीत दुखणं, पाय सुजणं, उलट्यांसह सतत डोकं दुखणं, अंगावर बारीक लाल ठिपके. वीस दिवस लक्ष ठेवायचं, यातलं काहीही झालं तर रात्री-अपरात्री फोन करायचा.

शेवटचा प्रश्न मी चाचरत विचारला. बाळ मोठं झाल्यावर काही निघालं तर?

"त्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "निघेल असं वाटायला मला कारण दिसत नाही. पण आज कुणी खात्री देत असेल, तर ते खरं नाही."

माझा विश्वास त्या वाक्याने बसला. 'काही होत नाही हो' म्हणणारे मला खूप भेटले होते.

तरी ठरत नव्हतं. एका रात्री झोप येईना म्हणून उठून माता-बाल कार्ड काढून बसले. त्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख होती. ते घेताना मी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता, सासूबाईंनीही नाही. आमच्या आधीच्या बायकांनी ते इतकी वर्षं घेतलं होतं की प्रश्नच उरले नव्हते. या नव्या लसीकडे तेवढंच नव्हतं, आणि तिच्या वर्षांची वाट बघायला माझ्याकडे वेळ नव्हता. माझी तारीख १० डिसेंबर होती.

आणि तेव्हाच मी नेमकं कशाला भीत होते ते मला कळलं. आजाराने बाळाला काही झालं असतं तर सगळे म्हणाले असते, दैव. लसीने झालं असतं तर म्हणाले असते, हिने हट्टाने घेतली. आणि सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले असते. २०१९ नंतर मी स्वतःला पुष्कळ बोल लावले होते, ते पुन्हा सुरू झाले असते. म्हणून मला 'नको' सोपं वाटत होतं. 'नको' म्हटलं तर आपण काही केलं असं होत नाही. पण दार तर रोज संध्याकाळी उघडत होतं. माझी मैत्रीण आजारी पडली, तेव्हा तिनेही काही केलं नव्हतं.

सकाळी मिस्टरांना सांगितलं, घेते. मात्र पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होऊ दे. बाळाचे अवयव नीट तयार झालेत हे आधी डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे पुढे कुठली शंका लसीच्या नावावर जायला नको. शास्त्राने याची गरज नव्हती, मॅडमनी तसं सांगितलंही. मला गरज होती.

त्याआधी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका केंद्रावर नुसती चौकशी करायला गेले होते, तर पोटाकडे बघूनच मला मागे पाठवलं होतं. 'आमच्याकडे अजून पत्र आलेलं नाही.' रांगेतल्या दोन बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या, ते फार लागलं. १९ जुलैला सोनोग्राफी चांगली आली. शनिवारी, २४ तारखेला जायचं ठरवलं, तर २२ ला पाऊस कोसळला. पाटण तालुक्यात डोंगर खचले, माणसं गाडली गेली, कृष्णा-कोयनेचं पाणी कराडात चढलं. आईचा फोन दीड दिवस लागत नव्हता. त्या आठवड्यात लस कुणाच्या डोक्यात होती?

मला मनातून कोव्हॅक्सिन हवी होती. तंत्र जुनं आणि दुसरा डोस चार ते सहा आठवड्यांत. केंद्रावर होती कोविशिल्ड, तिचं अंतर ८४ दिवसांचं. मी बोटांवर मोजलं. आज घेतली तर दुसरा डोस २५ ऑक्टोबरला, तेहेतिसाव्या आठवड्यात. बाळंतपणाआधी दोन्ही बसत होते. कोव्हॅक्सिन कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी बाही वर केली. तो २ ऑगस्ट, सोमवार. सिस्टरनी अर्धा तास बसवून ठेवलं, पाणी दिलं. सासूबाई सोबत आल्या होत्या. शेवटपर्यंत त्यांचं मत बदललं नाही, पण त्यांनी माझा हात सोडला नाही.

रात्री ताप आला, १०१. मॅडमनी सांगून ठेवलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतली. बाळाची हालचाल नुकतीच जाणवायला लागली होती. त्या रात्री मी पोटावर हात ठेवून तिची वाट बघत पडले. पहाटे चारच्या सुमाराला आतून एक बारीकशी टिचकी आली आणि मला रडू फुटलं.

लक्षणांचा कागद फ्रिजवर लावला होता. मिस्टर रोज कामावर जाताना त्यातलं एकेक वाचून विचारायचे. एकविसाव्या दिवशी त्यांनी तो काढून घडी करून पाकिटात ठेवला.

दुसऱ्या डोसला मी एकटी गेले. सर्टिफिकेट मोबाइलवर येणार होतं, पण मी माता-बाल कार्ड पुढे केलं आणि यावरही लिहा म्हटलं. त्यात कोरोनाच्या लसीचा रकानाच नव्हता. सिस्टरनी जरा शोधलं आणि धनुर्वाताच्या खाली उरलेल्या जागेत दोन्ही तारखा लिहिल्या.