कॅटफिश अपडेट: रिकाम्या गळाचं कोडं सुटलं!

काल अंधार पडल्यावर मासेमारीचा रॉड होल्डरमध्येच वाकला आणि वाकलेलाच राहिला. इतके दिवस टोक थरथरायचं, दोरी ताणायची आणि ओढून बघावं तर आमिष साफ, गळ रिकामा. मागच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गळाचा नंबर, म्हणजे आकार, वाढवायला सांगितलं होतं. वाढवला, तरी तेच.

दोष बारीक माशांचा की खेकड्यांचा, हे आधी बघितलं. टोकावर भराभर टुकटुक झाली की ती बारक्यांची, कॅटफिश संथ ओढतो. म्हणून लीडरवर (गळाला जोडलेला दोरीचा शेवटचा तुकडा) गळापासून चार बोटं वर छोटा फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा, बसवला. आमिष तळापासून उचललं गेलं आणि खेकड्यांचा त्रास बराच कमी झाला. पण संथ ओढ येऊनही मासा सुटतच होता.

खरी अडचण निघाली सर्कल हुकच्या फटीत. या गळाचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं; टोक आणि दांडीमधली जागा म्हणजे फट. मासा आमिष घेऊन वळतो, दोरी ताणते, गळ सरकत तोंडाच्या कोपऱ्यात येतो आणि तिथे फिरून रुततो. मी माशाचा जाड तुकडा दोनदा टोचून घट्ट बसवत होतो, त्यामुळे ती फट मांसानेच बुजायची. रुतायला जागाच नाही! आता कातडीसकट पातळ पट्टी कापतो आणि फक्त कडेला, कातडीतून एकदाच टोचतो. पट्टी खाली लोंबते, टोक आणि फट पूर्ण मोकळी. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) मध्यम घट्ट आणि झटका अजिबात नाही. रॉड पूर्ण वाकू द्यायचा, मग रीळ सावकाश फिरवायचं.

लागलेला मासा फार मोठा नव्हता, पण गळ नेमका जबड्याच्या कोपऱ्यात होता, घशात नाही. ते बघूनच मन भरलं. पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे ताठ होतात, म्हणून त्यांच्या मागून पकड घेतली, ओल्या हातानेच. याच्या अंगावर खवले नसतात, कोरड्या हाताने कातडीवरचा बुळबुळीत थर निघतो.

डब्यातली तयार वासाची आमिषं मात्र मी बंद केली. कॅटफिशच्या मिशांवरच नाही, सगळ्या अंगावर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. ताज्या कापलेल्या माशाचा रस पाण्यात उतरतो, त्यापुढे ती पेस्ट फिकी पडते. तुकडा मऊ पडला की बदलायचाच.

पुढच्या खेपेला कोंबडीची कलेजी लवचिक दोऱ्याने बांधून बघणार होतो. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पट्टी तीच ठेवतो, जागा बदलतो: वळणाच्या बाहेरच्या बाजूचा खोल डोह, पाऊस पडून पाणी गढूळ व्हायला लागलं की लगेच. तिथे बुडालेली झाडं आहेत, म्हणून लीडर जाड मोनोचा (एकाच धाग्याची नायलॉन दोरी) घेईन. विणलेली ब्रेडेड दोरी घासून तुटते. अशा अडचणीच्या जागी ड्रॅग किती घट्ट ठेवता, ते सांगा.