हेड दुसऱ्यांदा उतरवण्याआधी

गाडी संध्याकाळी टोचन करून गॅरेजात आली आणि मालकांनी उतरता उतरताच निकाल सांगून टाकला, "मिस्त्री, हेडच आहे. उद्या सकाळी उतरवा."

पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून मुंबईला जाणारा दहाचाकी ट्रक. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून, घासून सपाट करून, नवं पॅकिंग टाकून झालं होतं. पन्नास हजारांच्या वर खर्च. सहाएकशे किलोमीटर चालली आणि ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर पुन्हा चहाच्या रंगाचा फेस. ऑइल-पाणी एक झालं की मालक, ड्रायव्हर, चहावाला, सगळे हेडच म्हणतात. दहापैकी बऱ्याच वेळा ते खरंही निघतं, म्हणूनच तर फसायला होतं.

सकाळी कुणालाही स्टार्टर मारू दिला नाही. इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या चेंबरचा ड्रेन नट दोन-तीन आटे सैल केला. ऑइलच्या आधी हिरवट पाणी आलं, चांगलं ग्लासभर. पाणी जड, रात्रभरात तळाला बसतं. म्हणजे कूलंट, रेडिएटरमधलं पाणी, ऑइलमध्ये उतरतंय हे पक्कं. रेडिएटरचं टोपण काढलं तर तिथेही तेलाचा तवंग, पण अगदी पातळ.

माझा पहिला संशय ऑइल कूलरवर, म्हणजे पाण्याने ऑइल थंड करणाऱ्या नळ्यांवर. चालत्या इंजिनात ऑइलचं प्रेशर तीन-चार किलो असतं आणि रेडिएटरचं टोपण पाण्याचं प्रेशर एक किलोच्या आसपास सोडून देतं. कूलरची नळी फुटली तर गाडी चालताना ऑइल पाण्यात घुसतं, आणि बंद केल्यावर गरम पाण्याचं प्रेशर उरतं ते उलट ऑइलकडे ढकलतं. पण मग रेडिएटरमध्ये लोण्यासारखा गोळा दिसायला हवा होता. हा नुसता तवंग मला खटकत होता, तरी मी कूलर डोक्यातून काढला नाही.

आधी स्वस्तातलं ऑइल भरलं, रेडिएटर तोंडापर्यंत पाण्याने भरला आणि थंड इंजिन सुरू केलं. लगेच बुडबुडे. ड्रायव्हर विजयाने म्हणाला, "बघा, गॅस मारतंय." म्हणजे हेडचं पॅकिंग गेलंय आणि इंजिनातला गॅस पाण्यात येतोय. चार-पाच मिनिटांनी बुडबुडे थांबले. माझ्याकडे शिकणारा पोरगा म्हणाला, "उस्ताद, बंद झाले की." मी म्हटलं, "थर्मोस्टॅट उघडला असेल, गप पाना दे." वीस वर्षं हातात पाना आहे, आणि असं बोललो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरच्या पाण्याची वाट उघडणारा वॉल्व्ह; तो उघडायला इंजिन धड कोमटही झालं नव्हतं.

कूलर काढला. एक तोंड बंद करून दुसरीकडून पाच किलो हवा दिली आणि गरम पाण्याच्या ड्रममध्ये बुडवला. पाणी गरमच लागतं, बारीक तडा थंड असताना मिटून बसतो. अर्धा तास ड्रमवर वाकून बसलो. एक बुडबुडा नाही. कूलर निर्दोष.

मग लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी. ओल्या, म्हणजे बाहेरून पाणी लागणाऱ्या, लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या की पाणी थेट चेंबरमध्ये पडतं. कूलर परत बसवला, पाणी भरलं, चेंबर खोललं आणि खाली कोरा पुठ्ठा अंथरला. एका जुन्या टोपणाला मी ट्यूबचा वॉल्व्ह बसवून ठेवलाय. ते रेडिएटरला लावून सायकलच्या पंपाने पाऊण किलो हवा भरली आणि घरी गेलो. मालकांचे रात्री तीन फोन. कांद्याचं भाडं हातचं जात होतं, त्यांचंही बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. सहाही लायनर खालून कोरडे ठणठणीत. पण पुठ्ठ्यावर हिरवा डाग होता, पुढच्या टोकाला, टायमिंग गिअरच्या खाली. तिथे कुठला लायनर? वॉटर पंपाचं वीप होल, म्हणजे सील गेलं की पाणी टपकतं ते भोक, बघितलं, कोरडं. मी तसाच पडून राहिलो.

पोरगा वाकून म्हणाला, "उस्ताद, काल बुडबुडे बंद झाले ना, तेव्हाच हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला होता."

डोकं बॉनेटला आपटावं असं वाटलं. ब्रेकचा हवेचा कॉम्प्रेसर! या गाडीत तो टायमिंग गिअरवर चालतो, त्याला ऑइल इंजिनाचं आणि त्याच्या हेडला पाणीही इंजिनाचंच. रात्रभर उभ्या गाडीच्या टाक्या रिकाम्या, म्हणून सुरू करताच तो हवा भरायला लागला आणि थोडी हवा पाण्यात मारत राहिला. हवेच्या प्रेशरचा काटा आठ किलोला गेला, फुस्स झालं, कॉम्प्रेसरचा लोड सुटला, बुडबुडे बंद. इंजिनाच्या हेडचं पॅकिंग गेलं असतं तर ते टाकी भरण्याची वाट कशाला बघेल?

पोराला म्हटलं, "हवेच्या टाकीचा ड्रेन ओढ." हिरवं, तेलकट पाणी भळाभळा बाहेर आलं. ड्रायव्हरला विचारलं, "टाकी रोज सोडता ना?" तो दुसरीकडे बघायला लागला. हेच पाणी ब्रेकच्या वॉल्व्हपर्यंत गेलेलं, आणि हा माणूस त्या ब्रेकवर भरलेली गाडी कसारा घाट उतरवत होता.

कॉम्प्रेसरचं हेड चार बोल्टांत हातात आलं. पाण्याचं भोक आणि सिलिंडर यांच्यामधलं पॅकिंग बोटभर खाल्लेलं, शेजारी हेडला केसासारखा तडा. गाडी बंद झाली की गरम पाणी तिथून सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या कडेने खाली आणि गिअरमधून चेंबरमध्ये. उलट, हवेबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल रेडिएटरमध्ये. तवंग पातळ का, ते आता कळलं.

कॉम्प्रेसरचं नवं हेड आणि किट टाकलं. चेंबर खाली होतंच, म्हणून कनेक्टिंग रॉडची बिगएंड बेअरिंग काढून बघितली. काळवंडली होती, बदलली. रेडिएटर साबणाने तीनदा धुतला, फुगलेले होज फेकले, हवेच्या टाक्या आणि ब्रेक वॉल्व्ह साफ केले. फ्लशिंगचं ऑइल दोनदा फिरवून मग चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर. यातच दोन दिवस गेले.

बिल बघून मालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते खाल्लेलं पॅकिंग द्या मला." पोराने ते पेपरात गुंडाळून दिलं. त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं आणि पहिल्या गॅरेजचा रस्ता धरला.